सैल दोरी

तिनं सुतळीचं एक टोक सासऱ्यांच्या तर्जनीला गुंडाळलं, ते बोट लाल रंगाच्या खुंटीवर टेकवायला लावलं आणि गुंडा उलगडत ती गल्लीतून मागे मागे चालत गेली.

"हलू नका हं, बाबा."

"आता कुठं हलणार? चल म्हणालीस तर काठी शोधावी लागते, आणि उभा राहिलो तर म्हणतेस हलू नका."

पलीकडच्या खुंटीपाशी पोचल्यावर तिनं दोरी ताणली. नुसती ओढली नाही. झोळ पुरता जाईपर्यंत ओढली, बोटानं टिचकी मारून ती कशी थरथरते ते पाहिलं आणि मग एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकली. दोरी कारखान्याच्या शटरसमोरून सरळ गेली होती. भिंतीला लागली नव्हती, पायरीला लागली नव्हती.

"झालं का? बोट निळं पडलं माझं," बाबा ओरडले.

"झालं," ती म्हणाली. मग दोरी परत गुंडाळताना, स्वतःशीच, "कुठंतरी पाणी मुरतंय."

परदेशी व्यापाराच्या क्षेत्राला सगळे नुसतं झोन म्हणत. कारखान्यामागच्या माळापलीकडे त्याची उंच भिंत होती. आत परदेशातून माल यायचा, उघडायचा, जोडला जायचा, पुन्हा बांधून परदेशात जायचा आणि त्यावर इथला कर लागायचा नाही. कायद्याच्या हिशेबानं तो तुकडा जणू देशाबाहेरच होता. "भिंतीवरून उडी मारली की परदेशवारी," असं बाबा म्हणायचे. आता त्या झोनच्या विस्ताराला सरकारची मंजुरी मिळाली होती आणि नवी हद्द पार या गल्लीपर्यंत येणार होती. गल्लीच्या एका बाजूला यांचं घर, दुसऱ्या बाजूला यांचा लाकडी खोक्यांचा कारखाना. घर बाहेर राहणार, कारखाना आत जाणार, असं सगळेच धरून चालले होते.

खुंट्या रोवल्या गेल्या तेव्हा हद्द गल्लीच्या कडेनं आली. काचेचं गोदाम आत गेलं. बत्तीशीची शेड आत गेली. यांच्या कारखान्यापाशी मात्र ती काटकोनात वळली, मागच्या भिंतीच्या पलीकडून गेली आणि पुढे पुन्हा गल्लीत आली. रस्त्यातलं डबकं चुकवून माणूस जातो, तशी.

डबकं चुकवलं तर डबक्याचं काही बिघडत नाही. यांचं बिघडणार होतं. खोकी विकत घेणारे सगळे झोनच्या आत होते. आतल्या आत खोकं नुसतं ढकलगाडीवरून पोचवता आलं असतं. बाहेरून नेलेलं प्रत्येक खोकं फाटकावर उतरवायचं, तपासायचं, कागद करायचे. एवढी कटकट कोण करेल, बत्तीशीसारखा खोकीवाला आतच बसलेला असताना? बत्तीशी हा त्यांचा जुना प्रतिस्पर्धी. भाव पाडतानाही आणि शिवी खातानाही तो सगळे दात दाखवून हसायचा, म्हणून ते नाव पडलं होतं. हद्दीच्या बाहेर राहणं म्हणजे कारखान्यानं हळूहळू शटर ओढून घेणंच होतं.

रेघ आपोआप वळत नाही. कुणीतरी वळवली होती. आणि झोनच्या कचेरीत घरातलं एकच माणूस उठबस करायचं. तिचा दीर.

*

कारखान्यातली भट्टी ती सांभाळायची. परदेशात जाणारं लाकूड तापवून द्यावं लागतं, म्हणजे आतली कीड मरते आणि मगच त्यावर शिक्का मारता येतो. लग्नाआधी ती विज्ञान शिकली होती. घरात आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे भट्टीच्या दारावरचा जुना तापमापक काढून टाकला आणि फळीला भोक पाडून आत सुई खुपसायला सुरुवात केली. "वरचं लाकूड लगेच तापतं," ती कामगारांना सांगायची, "ते सगळ्यांना फसवतं. गाभा काय म्हणतो ते बघा."

त्या दुपारी सुई गाभ्यात खुपसून ती नवऱ्याशी बोलत होती.

"दोरी लावून बघितली. गल्ली अगदी सरळ आहे. रेघ वाकवायला काही कारणच नाही."

नवरा रंध्याचं पातं पुसत होता. पुसून झालेलं पातं त्यानं पुन्हा पुसायला घेतलं.

"तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण."

"भाऊजी मंगळवारी कुठं गेले होते म्हणाले?"

"खिळे आणायला."

"बत्तीशीच्या शेडबाहेर त्यांची गाडी होती. हँडलला हेल्मेट. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. आणि खिळे आणलेच नाहीत."

नवऱ्यानं पातं उजेडाकडे धरून पाहिलं.

"मोजणी झाल्यापासून बाबांची खोली रिकामी करा, रिकामी करा म्हणून मागे कोण लागलं होतं? आठवतं का?"

त्याला आठवत होतं. सगळ्यांनाच आठवत होतं. कारखान्याच्या मागच्या अंगाला बाबांची खोली होती. सासूबाई गेल्यावर बाबा तिथं झोपायला गेले ते परत आले नाहीत. लाकडाच्या वासाशिवाय झोप लागत नाही म्हणाले. तिनं हौसेनं खोली सजवली होती. वाऱ्यासाठी भिंत फोडून खिडकी काढली, उशाशी दिव्याचं बटण घेतलं, आणि गल्लीवरून तार टाकून थेट घरच्या स्वयंपाकघरात वाजणारी घंटी बसवली. ती घंटी बाबांनी आजवर एकदाही वाजवली नव्हती. सुनेला नोकरासारखं बोलवायचं का, असं म्हणायचे. आणि मध्येच एक दिवस दीर उठला आणि बाबांची खाट उचलून गल्लीत आणून ठेवली. बाबा घरातच बरे, म्हणाला. कारण विचारलं तर नजर चुकवली. तिनं सगळ्या कामगारांसमोर ती खाट त्याला परत आत न्यायला लावली होती.

"बापाला बाहेर काढून ती जागा कुणाला द्यायची होती त्यांना?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं पातं खाली ठेवलं.

"आज संध्याकाळी बसू," तो म्हणाला. "सगळे. बाबांसमोर. त्याला वेगळं व्हायचं असेल तर होऊ दे. पट्टीकरवत त्याला, भट्टी आपल्याला."

तिनं सुईवरचा आकडा बघितला. गाभा अजून तापला नव्हता.

तेवढ्यात दीर आत आला. डोक्यात भुसा, खिशाला पेन, तोंडात शीळ.

"वहिनी, डबा?"

एरवी त्याचा डबा ती दोन्ही भावांच्या डब्यांत आधी भरायची, आणि भात कमी पडला म्हणून तो रोज भांडायचा. गेला आठवडाभर ती त्याच्याशी मोजकं बोलत होती.

"ठेवलाय तिथं."

त्यानं झाकण उघडलं. "आज भात पुरेसा आहे. म्हणजे काहीतरी बिनसलंय."

"तुम्हालाच माहीत काय बिनसलंय ते. बाहेर खाण्याची सवय लागली असेल तर सांगा, घरचा डबा बंद करू."

"बाहेर कुठं?"

"ज्याचे दात जास्त, त्याच्याकडे."

दिराचा घास हातातच राहिला. त्यानं आधी भावाकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे. दारात बाबा खुर्ची टाकून बसले होते, बोटावरचा सुतळीचा वळ चोळत. दिरानं घास परत डब्यात ठेवला.

"खिळे उद्या आणतो," एवढंच तो म्हणाला.

तिला ते पुरेसं होतं. निर्दोष माणूस आधी भांडतो, असं तिचं मत होतं.

*

उन्हं उतरायला लागली तशी गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून सिमेंटचे खांब उतरवले जात होते. लाकडी खुंट्या काढून तिथं आता कायमचे खांब बसणार होते. शेजारी उभा असलेला मोजणीवाला तिनं ओळखला. थंडीत मोजणी झाली तेव्हा हाच आला होता. घामेजलेला, बोलका, सारखा टोपी काढून डोकं खाजवणारा. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ओळखलंत का?"

"तुम्हाला नाही ओळखणार, ताई? अख्ख्या मोजणीत एवढा चांगला चहा कुणी दिला नाही. बाबा बरे आहेत ना?"

"बाबा बरे आहेत. मला एक सांगा. ही रेघ आमच्यापाशी कुणी वाकवली?"

"वाकवली?" त्यानं टोपी काढली. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत असतं तर विचारलं असतं का? कुणी हात ओले केले असतील तर नाव सांगा. मी भांडायला घाबरत नाही."

"अहो ताई, हात कसले ओले करताय! झोनच्या हद्दीत माणूस राहू शकत नाही. कायदाच आहे. दिवसा हजार माणसं कामाला येऊ देत, पहारेकरी पाळीनं जागू देत, पण बिऱ्हाड नको, वळकटी नको. जिथं कुणी राहतं ती जागा सोडून रेघ न्यायची. मागच्या बाजूला झोनच्या भिंतीपर्यंत मोकळा माळ आहे, म्हणून मागून नेली."

"पण तो कारखाना आहे."

"कारखानाच आहे. मी कारखानाच लिहीत होतो." तो हसला. "तुम्हीच मला हाताला धरल्यासारखं मागं नेलंत. म्हणालात, या, आमच्या बाबांची खोली बघा. खिडकी दाखवलीत, बटण दाखवलं. ती घंटी वाजवून मला गल्लीपलीकडे ऐकायला पाठवलंत. मी घरी बायकोला सांगितलं, सून असावी तर अशी."

ती खांबांकडे बघत राहिली. एका खांबाला ओलं सिमेंट लागलं होतं, ते वरून वाळून पांढरं पडलं होतं.

"तुमचे दीर आले होते की माझ्याकडे," तो पुढे बोलतच होता. "किती खेटे घातले बिचाऱ्यांनी. म्हणे ती खोली नाही, सामानाची जागा आहे. मी म्हटलं, डोळ्यांनी बघितलेलं कसं पुसू? खोली रिकामी करून दाखवा, मी परत येऊन बघतो, मग बघू. बोलल्याप्रमाणे आलो. तर खाट तिथंच. तुम्ही उशीचा अभ्रा बदलत होतात. मी आपला दारातूनच परत गेलो."

"भाऊजींनी आम्हाला हे का सांगितलं नाही?"

"ते मीही विचारलं. म्हणाले, वडिलांना कळलं तर ते स्वतःलाच दोष देत बसतील." त्यानं टोपी डोक्यावर घातली. "तुमच्याबद्दलही काहीतरी म्हणाले होते. जाऊ द्या ते."

"आता काहीच होत नाही का?"

"आज या टोकाचे खांब रोवतोय. तुमच्या बाजूचे परवा. एकदा सिमेंट धरलं की संपलं. तोवर तेवढा फेरफार जागेवर करायची मला मुभा आहे. पण खोली आहे तशी आहे ना, ताई. आणि म्हाताऱ्या माणसाला उठवा असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

तिनं त्याला चहा विचारला नाही. विचारायचं राहूनच गेलं.

*

संध्याकाळी करवत बंद झाली, कामगार गेले आणि चौघं जण कारखान्याच्या मागच्या भागात खोक्यांवर बसली. बाबा खोलीच्या दारात खुर्चीवर. त्यांच्यामागे उघड्या दारातून खाट दिसत होती, तिच्यावर नीट घातलेली चादर.

नवऱ्यानं घसा साफ केला. भांडायला तो कच्चा होता, त्यामुळे घाईघाईनं मोठ्या आवाजात बोलला.

"तू बत्तीशीकडे का जात होतास?"

"सांगतो, दादा. त्याच्याकडे भट्टी नाही," दीर म्हणाला. "लाकूड लांबून तापवून आणतो आणि दर वेळी बोंबलतो. म्हटलं आपण तापवून देऊ. आपण आत नसलो तरी आपलं लाकूड तरी आत जाईल. पक्कं झालं असतं तर सांगितलं असतं. अजून तो नुसताच हसतोय."

"आपण आत नाही हे तू आधीच धरून चाललास?"

"खुंट्या दिसतात मला."

"त्यांचंच विचारतोय मी! रेघ सगळीकडे सरळ आणि आपल्यापाशीच वाकडी, ती कशी? कचेरीत तू जातोस. तुला माहीत नाही असं होणार नाही."

दिरानं खिशाचं पेन काढलं आणि परत खोचलं.

"बाबांची खोली कशाला रिकामी करत होतास? त्याचं तरी उत्तर दे."

दिरानं तोंड उघडलं. त्याची नजर भावावरून वळली, बाबांपाशी क्षणभर थांबली, त्यांच्यामागच्या खाटेवर गेली आणि तिथून खाली जमिनीवर. त्यानं तोंड मिटलं. भुशात चपलेच्या टोकानं एक खड्डा केला, तो बुजवला. दुपारी हीच नजर तिनं पाहिली होती आणि तिचा अर्थ लावून मोकळी झाली होती.

"बघितलंत, बाबा?" नवऱ्याचा आवाज चिरकला. "आहे का बोलायला काही? मग वाटण्याच झालेल्या बऱ्या. अगं, तू सांग. दोरी तू लावलीस. सांग सगळ्यांना."

तिघंही तिच्याकडे बघायला लागले. दीरसुद्धा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला बघवेना.

भट्टीचा आकडा पटला नाही तर ती फळी बाहेर काढून दुसऱ्या ठिकाणी भोक पाडायची. तरी पटला नाही तर सुईच बदलायची. अंदाजे बरोबर असं ती कधी म्हणत नसे. कामगार तिला मागं काटाबाई म्हणत, आणि ते तिला आवडायचं.

"दोरी सैल होती," ती म्हणाली.

"काय?"

"सकाळी दोरी सैल राहिली. मधे झोळ होता, माझ्या लक्षात आलं नाही. मघाशी परत लावून बघितली. गल्लीच तिथं जरा वळते आणि आपला कोपरा पुढे येतो. म्हणून त्यांनी मागून नेली. कुणी वाकवली वगैरे नाही."

"तू दुपारी तर म्हणालीस—"

"चुकले. माणूस चुकतो की नाही?"

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्यानं तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. राग कुठं ठेवावा ते न कळल्यासारखं त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि शेवटी भावाला म्हणाला,

"मग खोलीचं काय?"

"म्हाताऱ्या माणसानं भुशात झोपू नये, एवढंच असेल," तीच मध्ये बोलली. "मीच उगाच तमाशा केला त्या दिवशी. भाऊजी, जेवायला चला. भात कमी टाकलाय."

दीर हळूच उठला. जाता जाता तो तिच्याजवळ जरासा थांबला.

"मोजणीवाला भेटला वाटतं," तो ओठातल्या ओठात म्हणाला.

"चला म्हटलं ना."

बाबा एकटेच बसून होते. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी उजेडाकडे धरली. वळ अजून पुरता गेला नव्हता. तो त्यांनी अंगठ्यानं चाचपला, बराच वेळ चाचपला, आणि मग मान वळवून आपल्या खोलीकडे पाहिलं. खिडकीकडे, बटणाकडे, खाटेकडे.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "मी येतो."

*

सकाळी ती चहाचं आधण ठेवत असताना घंटी वाजली.

क्षणभर तिला कसला आवाज आहे तेच कळेना. मग गॅस तसाच टाकून ती धावत सुटली. मागोमाग नवरा, एका पायात चप्पल. दीर दात घासता घासता तसाच, तोंडात फेस. गल्ली ओलांडताना नवऱ्याचा पाय लाल खुंटीला लागला आणि तो कळवळला.

बाबा खाटेवर बसले होते. अंघोळ झालेली, सदऱ्याची बटणं लावलेली. गादी गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती. उशी तिच्यावर. दिव्याखालचे औषधांचे डबे एका रिकाम्या खोक्यात भरलेले. भिंतीवर काही नव्हतं.

"काय झालं, बाबा? छातीत दुखतंय का?"

"काही झालं नाही. घंटी वाजते का बघितलं. चांगली वाजते." ते काठीवर हात ठेवून उठले. "मी घरी येतो राहायला. भुसा फार जातो हल्ली नाकात."

"तुम्हाला वासाशिवाय झोप लागत नाही ना?" नवऱ्यानं विचारलं.

"सदऱ्याला आहे अजून. पुरेल."

ती दारातच उभी होती. पुढे होऊन तिनं गुंडाळलेल्या गादीच्या सुतळीवर हात ठेवला.

"बाबा, असं काही नाही. तुम्ही राहा. मी कालच म्हणाले..."

"काय म्हणालीस ते ऐकलं मी." बाबांनी तर्जनी तिच्यासमोर धरली. वळ आता जवळजवळ दिसेनासा झाला होता. "सैल होती म्हणालीस. मग त्या मोजणीवाल्याला बोलाव आणि परत मोज म्हणावं. खांब बसायच्या आत. आणि या वेळी त्याला चहा जरा लवकर दे, गल्लीच्या त्या बाजूला."

नवरा एकदा वडिलांकडे, एकदा बायकोकडे बघत होता आणि दुखरा अंगठा चोळत होता. दिरानं खिडकीपाशी जाऊन तोंडातला फेस बाहेर थुंकला, हातानं ओठ पुसले आणि खाटेच्या डोक्याकडच्या बाजूला जाऊन वाकला.

"वहिनी, त्या बाजूनं धरा."

तिनं धरलं. दारातून निघताना खाट चौकटीला अडकली तशी दोघांनी ती एकदमच तिरकी केली.

"वहिनी, सैल सोडू नका हं," दीर म्हणाला.

"मुकाट्यानं चला," ती म्हणाली, आणि पाठीमागं, खुंटीच्या दिशेनं, अंदाजानं पाऊल टाकलं.